बारा व्होल्टांची पोथी

ज्यांच्या बैठकीच्या छतातला एकच दिवा गेला आहे, बाकीचे पाच शाबूत आहेत, आणि वीजवाला फोनवर ‘नाळे बर्तेन्री’ म्हणून मोकळा झाला आहे, अशा हुबळी-धारवाडकर गृहस्थांसाठी ही पोथी. वीजवाला खरोखरच उद्या येईल असं ज्यांना वाटतं त्यांनी इथेच थांबावं. कोणाची श्रद्धा मोडण्याचा आमचा हेतू नाही. बाकीच्यांनी स्टूल आणावं. बसायला. चढायला अजून बराच वेळ आहे.

पात्रतेच्या अटी फार नाहीत. शाळकरी वयात कधी फ्यूजची तार बांधली असेल तर उत्तम. टॉर्चमधले सेल उलटसुलट घालून पाहिले असतील तरी चालेल. मात्र इस्त्रीची वायर स्वतः जोडून ‘काही होत नाही हो’ असं म्हणणारे जे लोक आहेत, ते नवशिके नव्हेत, ते धोकादायक आहेत. त्यांना ही पोथी वाचून दाखवू नये.

आधी शत्रू ओळखा

माळमड्डीतल्या किंवा हुबळीच्या जुन्या पेठांतल्या कौलारू घरांत हा प्रश्नच नव्हता. आढ्यापासून वायर लोंबायची, तिच्या टोकाला होल्डर, होल्डरात बल्ब. बल्ब गेला की बल्ब बदलायचा; दुरुस्तीशास्त्र तिथेच संपायचं. बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला, त्या कौलांखाली इकडच्या कितीतरी पिढ्या नांदल्या, पण दिव्यासाठी ड्रायव्हर कोणाला ठेवावा लागला नाही. मग स्लॅब आले, स्लॅबखाली जिप्समचं खोटं छत आलं, आणि त्या छताला गोल भोकं पाडून त्यांत दिवे बसवले नाहीत तर वास्तुशांतीला बोलावलेले पाहुणे काय म्हणतील, अशी काळजी वाटू लागली. एक दिवा टीव्हीवर, एक देवघराच्या दारात, एक मल्लिकार्जुन मन्सुरांच्या किंवा गंगूबाई हनगलांच्या तसबिरीवर. जातो तो नेमका तसबिरीवरचा.

ह्या दिव्यांच्या दोन शाखा आहेत. जुनी शाखा एमआर-१६ ची. समोरून बशीसारखा दिसणारा, मागे दोन बारीक पिना असलेला छोटा दिवा. त्यातला १६ हा आकडा इंचाच्या आठव्या भागांचा. सोळा भाग म्हणजे दोन इंच व्यास. पूर्वी त्यात ५० वॅटचा हॅलोजन असायचा, आता पाच वॅटचा एलईडी असतो. हा दिवा १२ व्होल्टांवर चालतो, म्हणून त्याच्यामागे २३० व्होल्टांचे १२ करणारा ट्रान्सफॉर्मर असतो. नवी शाखा गोल किंवा चौकोनी पॅनलची. त्यात बल्ब वेगळा निघत नाही, पण मागे शेपटीला एक प्लास्टिकची डबी लटकते. तिला दुकानात ड्रायव्हर म्हणतात. वडीलधारी मंडळी तिला अजूनही चोक म्हणतात, आणि ट्यूबलाइटच्या चोकवरचा त्यांचा राग ह्या निरपराध डबीवर काढतात.

आता जरा नीट वाचा, कारण पोथीचा गाभा इथे आहे. १२ व्होल्ट म्हटलं की माणूस शूर होतो. मोटारीची बॅटरीसुद्धा बाराचीच की, असं म्हणून तो मेन बंद न करता शिडी चढतो. पण ते बारा व्होल्ट फक्त शेवटच्या वीतभर वायरीत आहेत. त्यांच्या अलीकडे, छताच्या पोटात, जिथे तुम्ही न बघता हात घालणार आहात तिथे, पूर्ण २३० व्होल्ट बसलेले आहेत. खोक्यावरच्या ‘लो व्होल्टेज’वर तर मुळीच जाऊ नका. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत २५० व्होल्टांपर्यंतचा दाब ‘लो’ याच रकान्यात होता. म्हणजे आपल्या प्लगमधला पुरवठाही कायद्याने लोच. त्या लोने माणसं मेलेली आहेत.

शिवाय व्होल्ट उतरले म्हणजे सगळंच उतरलं असं नव्हे. ५० वॅटच्या दिव्याला २३० व्होल्टांवर पाव अँपिअरही लागत नाही. तोच दिवा १२ व्होल्टांवर चालवला तर चार अँपिअरच्या वर लागतात. आणि सांधा ढिला असेल तर तो तापवण्याचं काम अँपिअर करतात. म्हणून जुन्या एमआर-१६ चा होल्डर काढून पाहिला तर बऱ्याचदा त्याची भोकं जळून काळी पडलेली दिसतात. दिवा चांगला, ट्रान्सफॉर्मर चांगला, आणि मधला दोन पिनांचा होल्डर कोळसा. अशा होल्डरात नवा दिवा खुपसून ‘नवाही गेला’ म्हणून दुकानदाराशी भांडणारे गृहस्थ दोन्ही गावांत आहेत.

साहित्य

घडीची शिडी, टेस्टर, स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, इन्सुलेशन टेप, जुनं वर्तमानपत्र, मोबाइल. मल्टिमीटर असला तर शेजाऱ्यांवर छाप पडते. प्लास्टिकची खुर्ची साहित्यात नाही. तिचे पाय बाजूला फाकतात ते तुम्ही वर दोन्ही हात गुंतवल्यावरच.

शिडी धरायला घरातलं एक माणूस लागतं. ते बोलणार, हे गृहीत धरा. सासरे असले तर ‘लो व्होल्टेज असणार, हेस्कॉमला १९१२ लावा’ असं सांगतील. त्यांना आदराने दाखवून द्यावं की बाकीचे पाच दिवे लख्ख आहेत. सात जिल्ह्यांचा पुरवठा सांभाळणाऱ्या नवनगरच्या कचेरीला तुमच्या बैठकीतला सहावा दिवा तिथून दिसत नाही. मात्र घरातले काही दिवे मिणमिणत असतील आणि त्याच वेळी काही भलतेच झगझगत असतील, तर सासऱ्यांचं ऐका. न्यूट्रल सुटल्याचं ते लक्षण आहे. मेन बंद करा, टीव्ही-फ्रिजचे प्लग काढा, आणि १९१२ लावा. त्या वेळी ही पोथी मिटून ठेवा.

निदान

दिवा गेला म्हणजे नक्की काय गेलं हे शिडी चढण्यापूर्वी ठरवायचं असतं. आपल्याकडे ते दुकानातून परत आल्यावर ठरतं.

पहिला उपाय फुकटचा आहे. एमसीबी बंद करा, चांगला चालणारा शेजारचा दिवा काढा, गेलेल्याच्या जागी लावा, एमसीबी चालू करा. लागला तर दिवा गेला होता. नाही लागला तर दोष मागे आहे, ट्रान्सफॉर्मरात, होल्डरात किंवा वायरीत. पॅनल असेल तर एकाच मापाच्या दोन पॅनलांच्या शेपट्यांची अदलाबदल करून हेच करता येतं. ह्या परीक्षेला पाच मिनिटं लागतात, म्हणून ती कोणी करत नाही.

दिवा लुकलुकत असेल तर जरा थांबा. कधीतरी तुम्ही, बचतीच्या उत्साहात, ५० वॅटचा हॅलोजन काढून तिथे पाच वॅटचा एलईडी घातला असेल. घातलात ते योग्यच केलंत. सहा हॅलोजन म्हणजे ३०० वॅट. रोज पाच तास लावले तर महिन्याला ४५ युनिटं. एलईडीवर तेच काम साडेचार युनिटांत होतं. गृहज्योती योजनेत २०० युनिटांची वेस ओलांडली की सगळंच बिल भरावं लागतं, तेव्हा ह्या चाळीस युनिटांचा हिशेब घरात फार मोठ्याने होतो. पण मागचा इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर तुम्ही बदलला नाही. त्याच्या अंगावर ‘२० ते ६० वॅट’ असं छापलेलं असतं. वीस वॅटच्या खाली मागणी गेली की तो सुरू होतो, बंद पडतो, पुन्हा सुरू होतो. दिव्याचा दोष नाही आणि भुताचाही नाही. तिथे एलईडीसाठीचा १२ व्होल्टांचा ड्रायव्हर बसवायचा, एवढंच. लुकलुक आहे की डोळ्यांचा भास, अशी शंका असेल तर मोबाइलचा कॅमेरा दिव्यावर धरा. लुकलुकत असेल तर पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसतात.

दिवा गुणगुणत असेल तर धारवाडात राहण्याचा फायदा घ्या. जुना, लोखंडी गाभ्याचा जड ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्‌झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा थरथरतो. पेटीवर बसून पाहिलंत तर हा सूर खालच्या सप्तकातल्या पांढरी पाचच्या आसपास लागतो, किंचित चढा. घरात कोणी रियाज करत असेल आणि त्यांची पट्टी पांढरी पाच असेल, तर हा ट्रान्सफॉर्मर बदलण्याची मागणी तंबोऱ्याच्या बाजूने आधीच झालेली असेल. गुणगुणणं म्हणजे बिघाड नव्हे. गुणगुणण्याबरोबर जळका वास येत असेल तर मात्र बिघाड.

आणि बटण बंद केल्यावरही दिवा मंद, निळसर उजळत राहत असेल? अज्जी त्याला नंदादीप म्हणतील, नातवंडं भूत म्हणतील. बटणात तांबडा इंडिकेटर असेल तर त्यातून झिरपणारी इवलीशी वीज एलईडीला पुरते; ते निरुपद्रवी आहे. दुसरं कारण निरुपद्रवी नाही. घराचं वायरिंग करणाऱ्याने फेजऐवजी न्यूट्रलवर बटण बसवलं असेल, तर बटण बंद असतानाही वर फेज जिवंत असतो. दिवा बंद म्हणून तुम्ही निःशंक हात घालता, आणि वर २३० व्होल्ट तुमची वाट पाहत बसलेले असतात. म्हणून बटण बंद करणं हे मेन बंद करणं नव्हे. ह्या पोथीत कुठेही ‘वीज बंद करा’ असं आलं तर एमसीबी पाडा असं वाचावं, आणि पाडल्यावरही टेस्टर लावून पाहावा. त्याआधी तोच टेस्टर चालू प्लगमध्ये लावून पाहावा, कारण टेस्टरही मरतात.

शल्यकर्म

एमसीबी पाडलेला आहे. कोणता, हे डब्यावर लिहिलेलं नाही, म्हणून सगळेच पाडले आहेत, पंखा बंद आहे, आतून ‘अहो, मिक्सर!’ असा आवाज आला आहे. चढा.

खोट्या छतातला दिवा स्क्रूने बसवलेला नसतो. त्याला दोन बाजूंना स्प्रिंगच्या क्लिपा असतात, उंदराच्या सापळ्यासारख्या, आणि त्यांचा स्वभावही तोच. दिवा दोन्ही हातांनी धरून सरळ खाली ओढायचा. एक क्लिप सुटली की तिच्यावर बोट धरून दुसरी सोडवायची. घाई केलीत तर क्लिप बोटावर बसते किंवा जिप्समचा तुकडा घेऊन खाली येते. भोक मोठं झालं की नवा दिवा त्यातून खाली सरकतो, आणि मग पीओपीवाला बोलवावा लागतो. तोही नाळे बर्तो.

दिव्याबरोबर तीन गोष्टी खाली येतात. पहिली धूळ. दुसरी, वळवाच्या पावसात पंख फुटलेले किडे. पॅनलच्या दुधी काचेच्या आत जे काळे ठिपके तुम्हाला बिघाड वाटत होते ते हेच. तिसरी पाल. ती जिवंत असते. शिडी धरणारं माणूस शिडी सोडतं ते ह्या क्षणी.

आता वायर सोडण्यापूर्वी मोबाइलने फोटो काढा. दोन काढा. कारण डबीच्या दोन्ही बाजूंना लाल आणि काळ्या वायरी असू शकतात. एका बाजूची लाल म्हणजे घरचा फेज, दुसऱ्या बाजूची लाल म्हणजे एलईडीचं धन टोक. त्या अदलाबदल झाल्या तर २३० व्होल्ट सरळ उलट्या बाजूने डबीत शिरतात, आणि डबी एक शब्द बोलून कायमची गप्प होते. रंगावर कधी विश्वास ठेवू नये. डबीवर इनपुट, आउटपुट किंवा पीआरआय, एसईसी अशी अक्षरं असतात, ती चष्मा लावून वाचावीत.

बाराच्या बाजूला टेस्टर लावून ‘करंटच येत नाही’ असा निकाल देऊ नये. टेस्टरमधला निऑन बारा व्होल्टांना ओळखतच नाही. मल्टिमीटरही हॅलोजनच्या इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मरपुढे गोंधळतो, कारण त्यातून निघणारी वीज ५० नव्हे, हजारो हर्ट्‌झची असते. म्हणून वर सांगितलेली अदलाबदलीची परीक्षाच खरी.

नव्वद टक्के वगैरे आकडे आम्ही ठोकून देणार नाही, पण पॅनल बंद पडलं की आधी संशय ड्रायव्हरवर घ्यावा. खोक्यावर ‘२५,००० तास’ असं लिहिलेलं असतं. रोज पाच तास धरले तर साडेतेरा वर्षं. हे आयुष्य साधारणपणे एलईडीच्या दाण्यांचं असतं. ड्रायव्हरच्या पोटात जो इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर असतो, त्याला कोणी विचारलेलं नसतं. तो उष्णतेला भितो; तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं. आणि आपण त्याला कुठे ठेवलंय? वर तापलेला स्लॅब, खाली जिप्सम, मध्ये वाऱ्याला वाट नाही, आणि अंगाला टेकून दिवा. एप्रिल-मे त्याने तिथे काढायचा. डबी उघडलीत तर वरून फुगलेला कपॅसिटर दिसेल. तो डाग देऊन बदलता येतो, ज्याला येतं त्याला. नवशिक्याने डबी उघडूच नये. वीज बंद केल्यावरही आतला मोठा कपॅसिटर काही काळ भरलेला असतो.

बाजार

इथे पोथीतला सर्वात महत्त्वाचा मंत्र: जुना सोबत न्या.

दाजीबान पेठेत जा, कोप्पीकर रस्त्याला जा, धारवाडात सुभाष रस्त्याला जा, काउंटरवरचा माणूस पहिला प्रश्न विचारतो, ‘हळेदु तंदीरेन्री?’ जुना आणलाय का? नाही म्हणालात की दुसरा प्रश्न, ‘एष्टु वॅट री?’ मग तुम्ही हवेत हातांनी वर्तुळ काढून दाखवता. त्या वर्तुळावरून ड्रायव्हर देता येत नाही. धारवाडहून हुबळीला वीसेक किलोमीटर चिगरी बसने येऊन, हवेतलं वर्तुळ दाखवून, भलताच ड्रायव्हर घेऊन परत जाणारे लोक सुशिक्षित असतात.

जुन्या डबीवर जे वाचायचं ते वॅट नव्हे. समजा लिहिलंय: आउटपुट डीसी, ३० ते ४२ व्होल्ट, ३०० मिलीअँपिअर. ह्यातला मिलीअँपिअरचा आकडा जसाच्या तसा जुळला पाहिजे, आणि व्होल्टांची मर्यादा जुनीला सामावून घेणारी हवी. मिलीअँपिअर जास्त दिलात तर पॅनल आठवडाभर फार सुंदर दिसतं आणि मग जातं. कमी दिलात तर मंद लागतं, पण टिकतं. घरात कोणाला वाचायचं नसेल तर तेही वाईट नाही. एमआर-१६ चा प्रकार वेगळा. तिथे व्होल्ट बाराच हवेत आणि ट्रान्सफॉर्मरचे वॅट दिव्यांच्या बेरजेपेक्षा थोडे वर. दोन्ही शाखांचे ड्रायव्हर एकमेकांना चालत नाहीत, दुकानदार कितीही ‘नडीतेतरी’ म्हणाला तरी. चालतं, पण किती दिवस हे तो सांगत नाही.

बसवणं

काढलं त्याच्या उलट क्रमाने बसवायचं, असं प्रत्येक माहितीपुस्तकात लिहिलेलं असतं आणि ते लिहिणाऱ्याने कधी बसवलेलं नसतं. वायरी नुसत्या पिळून टेप गुंडाळू नका. त्या तापलेल्या पोकळीत टेपचा गोंद वितळतो आणि टेप उलगडते. छोटा कनेक्टर मिळतो, तो वापरा. ड्रायव्हर दिव्याच्या पाठीवर ठेवू नका, हातभर बाजूला सरकवा; त्याचं आयुष्य वाढवायला ह्याहून स्वस्त उपाय नाही. क्लिपा वर करून भोकात सरकवा, हात काढा, चट असा आवाज येऊ द्या.

वरून येणारी छतातली वायरच करपलेली दिसली, तिचं आवरण बोट लावताच तडकलं, किंवा एमसीबी चालू करताच पुन्हा पडला, तर तुमचं काम संपलं. टोकांना टेप लावा, एमसीबी खालीच ठेवा, आणि परवानाधारक वीजवाल्याच्या उद्याची निमूट वाट पाहा. पाच दिव्यांत तसबीर दिसते.

नवं छत करणाऱ्यांना मात्र एक विनंती. दिवे घेताना रंग, जाडी, किती सपाट आहे हे नंतर पाहा. आधी विचारा की ड्रायव्हर वेगळा निघतो का आणि सुटा मिळतो का. नाही म्हणाला तर ते दिवे घेऊ नका. आणि सहा घेतलेत तर सातवा ड्रायव्हर त्याच दिवशी घेऊन ठेवा, कारण दोन वर्षांनी तेच मॉडेल मिळत नाही.